तलवारवाला कोपऱ्यात का बसतो?

दिवाळीची सुट्टी लागली की जबलपूरच्या मराठी घरांत नागपूर-पुण्याहून भाचरं येऊन धडकतात. भेडाघाटची नावेतली फेरी होते, धुआंधारचे तुषार अंगावर घेऊन होतात, खव्याची जिलेबी होते. त्यानंतर मुलांना टेबल लागतं. पूर्वी त्यावर कॅरम नाहीतर पत्ते असायचे. आता बऱ्याच घरांत वीस बाजूंचा फासा, पेन्सिली आणि कागद दिसतात. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स, मुलांच्या भाषेत 'डी अँड डी'.

तुम्ही हा खेळ पाहिला नसेल तर थोडक्यात सांगते. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र होतात: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी देवाची कृपा असलेला पुजारी. या प्रकारांना 'क्लास' म्हणतात. काय करायचं ते खेळाडू ठरवतो आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. सगळे एकाच बाजूने खेळतात, त्यामुळे भांडणं होऊ नयेत अशी आपली अपेक्षा असते.

तरीही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक मूल उठून जातं. "मला नाही खेळायचं, मी काही केलंच नाही." बहुतेक वेळा ते तलवारवालं मूल असतं आणि वयाने सगळ्यांत धाकटं. आपण त्याला रुसूबाई म्हणून मोकळे होतो. पण एकदा शेजारी बसून हिशेब करून बघा, त्याची तक्रार खरी निघते.

समजा सगळी पात्रं पाचव्या लेव्हलला आहेत. योद्धा आपल्या पाळीत दोन वार करतो. मोठी तलवार, चांगली ताकद आणि दोन्ही वार लागले तर सरासरी २२ गुणांची इजा, तीही एखाद-दुसऱ्या शत्रूला. जादूगार 'फायरबॉल' टाकतो. सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८, आणि ही इजा वीस फूट त्रिज्येच्या वर्तुळात जे कोणी उभे असतील त्या प्रत्येकाला. ज्याने वेळेवर अंग चोरलं त्यालाही निम्मी इजा होतेच. साधा गॉब्लिन ७ गुणांत मरतो. म्हणजे दादाने एक पाळी खेळली की खोली रिकामी, आणि धाकट्याने तलवार उपसायच्या आधीच लढाई संपलेली.

मग नियम करणाऱ्यांना हे दिसलं नाही का? दिसलं होतं, पण तोल त्यांनी निराळ्या जागी ठेवला आहे. तो समजून घ्यायला जबलपूरचंच उदाहरण घ्या. स्नूकर हा खेळ याच गावात जन्मला. १८७५ च्या पावसाळ्यात इथल्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने (हे पुढचे पंतप्रधान नव्हेत, त्यांचं वय तेव्हा सहा वर्षांचं होतं) टेबलावरच्या लाल चेंडूंत रंगीत चेंडू मिसळले. आजच्या खेळात लाल चेंडूला १ गुण आणि काळ्याला ७. मग सगळे काळ्याच्याच मागे का लागत नाहीत? कारण टेबलावर लाल शिल्लक असेपर्यंत आधी लाल घालवल्याशिवाय काळ्याला हात लावता येत नाही. सातवाल्याला एकवाल्याची वाट बघावी लागते, म्हणून पंधरा लाल चेंडूंना किंमत आहे.

जादूगाराच्या बाबतीत हा अडसर वेळेचा असतो. पाचव्या लेव्हलच्या जादूगाराला फायरबॉल दिवसातून दोनदा टाकता येतो, मध्ये तासभर विश्रांती मिळाली तर फार तर तिसऱ्यांदा. मग रात्रभर झोपल्याशिवाय नाही. योद्ध्याची तलवार मात्र दिवसभर चालते, आणि त्याची खास ताकद त्या तासाभराच्या विश्रांतीतही परत येते. २०१४ च्या नियमपुस्तकांत डंजन मास्टरसाठी सांगितलं आहे की पात्रांच्या एका दिवसात मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ चकमकी झेपतात. आठ चकमकी धरल्या तर जादूगाराला फायरबॉल कुठे वापरायचा आणि कुठे राखून ठेवायचा याचा घाम फुटतो.

घरी काय होतं? चहानंतर मुलं बसतात, जेवायची हाक येईपर्यंत एक, फार तर दोन लढाया होतात. मग डंजन मास्टर म्हणतो, "रात्र झाली, सगळे झोपले," आणि दुसऱ्या दिवशी जादूगार पुन्हा भरलेल्या खिशाने हजर. मुलांना झोपायला जायचं आहे म्हणून पात्रांनाही झोपवलं जातं, आणि सगळा तोल तिथेच जातो. उपाय सोपा आहे. गोष्टीतला एक दिवस तीन बैठकांत चालू द्या. कोणाची किती जादू संपली ते पेन्सिलीने कागदावर लिहून ठेवायला सांगा आणि कागद डब्यात बंद करा. थोडी कुरकुर होईल, ती जादूगाराची असेल.

या खेळाचा इतिहास म्हणजे हाच तोल साधण्याची धडपड आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये खेळ आणला तेव्हा योद्धा, जादूगार आणि पुजारी असे तीनच क्लास होते. चोर पुढच्या वर्षी आला. तेव्हा दुसऱ्या लेव्हलला जायला चोराला १२०० अनुभवगुण लागत, योद्ध्याला २०००, जादूगाराला २५००. पहिल्या लेव्हलचा जादूगार दिवसाला एकच मंत्र म्हणायचा आणि एका फटक्यात मरायचा. आधी सोसा, मग राज्य करा, असा मामला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत सगळ्यांना सारखीच शिडी दिली आणि वरच्या लेव्हलचे जादूगार हाताबाहेर गेले. २००८ मध्ये चौथ्या आवृत्तीने सगळ्या क्लासना एकाच साच्याच्या शक्ती देऊन टाकल्या. आकड्यांचा तोल पुष्कळ सुधारला, पण सगळे एकसारखेच वाटतात म्हणून बरेच खेळाडू नाराज झाले. मला ती नाराजी पटते. चोराने चोरासारखंच वाटायला हवं.

आपल्याकडच्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात या प्रश्नावर एक छान तोडगा आहे. दहा अवतारांचे १२० पत्ते असतात. निम्म्या अवतारांत दश्शी भारी आणि एक्का हलका, उरलेल्या निम्म्यांत नेमकं उलट. हातात नुसते लहान आकडे आले म्हणून कोणी हिरमुसत नाही.

आता लढाईबाहेरचं. खरा कंटाळा तिथेच येतो, कारण जादूगाराकडे कुलूप उघडायचा मंत्र असतो, अदृश्य व्हायचा असतो, उडायचाही असतो. मग चोराने काय करायचं? इथे नियम नीट वाचावे लागतात. २०१४ च्या नियमांत कुलूप उघडण्याच्या मंत्राबरोबर एवढा मोठा ठोका वाजतो की तो ३०० फुटांवर, म्हणजे साधारण ९० मीटरवर ऐकू जातो. पहारेकरी धावत येणारच. चोर तेच कुलूप तारेने निमूट उघडतो. मुलं हा ठोका हमखास विसरतात. तुम्ही आठवण करून द्या.

जागाही विचारपूर्वक निवडायला सांगा. मोकळ्या मैदानात फायरबॉलचं फावतं, अरुंद जिन्यात आणि ओलीस माणसांच्या गर्दीत नाही. जबलपूरच्या मुलांना तर नकाशा विकत घ्यायलाच नको. मदन महालाचा गोंड राजांचा किल्ला आहे, त्याच्या वाटेवरची १९९७ च्या भूकंपातही न हललेली बॅलन्सिंग रॉक आहे, चौसष्ट योगिनींचं गोल मंदिर आहे. पात्रंही जवळच सापडतील. राणी दुर्गावती, तिचा मंत्री आधारसिंह आणि तिची दासी यांच्या नावांवरून राणीताल, आधारताल आणि चेरीताल ही नावं पडली असं इथे सांगतात. राणीबरोबर दासीच्याही नावाचं तळं असलेलं हे गाव आहे. टीम कशी बांधायची याचं याहून चांगलं उदाहरण मुलांना कुठे मिळणार?

शेवटी वाटणीचा प्रश्न. 'योद्धा सोपा असतो' म्हणून तो धाकट्याच्या गळ्यात मारतात. मला विचाराल तर धाकट्याला चोर द्या. त्याचाही नियम फारसा अवघड नाही, एकच वार, पण नेम साधला की मूठभर फासे एकदम टाकायला मिळतात, आणि लपायला तर सगळ्याच लहान मुलांना आवडतं. सगळ्यांत जास्त बोलणाऱ्या ताई-दादाला पुजारी करा. त्याच्या आशीर्वादाच्या मंत्राने तिघांच्या फाशात भर पडते, त्यामुळे दुसऱ्याचा वार लागला की तोच आधी ओरडतो. आणि योद्धा कोणी हौसेने घेतला असेल तर खजिन्यातली जादूची तलवार त्यालाच सापडू द्या. खजिन्यात काय निघावं हे डंजन मास्टरच्या हातात असतं, पारडं सारखं करायची ही सगळ्यांत सोपी जागा.

खर्चाची काळजी नको. योद्धा, जादूगार, चोर आणि पुजारी या चार क्लासपुरते मूळ नियम कंपनीने फुकट दिले आहेत, आणि २०२३ पासून नियमांचा मोठा भाग कोणालाही वापरायला खुला आहे. सात फाशांचा एक संच घरात पुरतो. फायरबॉलसाठी आणि चोराच्या त्या मूठभर फाशांसाठी सहा बाजूंचे जास्त लागतील, ते जुन्या लुडो-सापशिडीच्या डब्यांत निघतील.