टीव्ही सपाट झाला, स्टँडचे काम बदलले

आमेर (जयपूर) : दिवाणखान्यातील टीव्ही कशावर ठेवावा, हा प्रश्न बहुतेक घरांत संच विकत घेतल्यानंतर पडतो. वास्तविक तो आधी पडावयास हवा. गेल्या दोन दशकांत दूरचित्रवाणी संचाचे वजन घटले, पण त्याची रुंदी आणि उंची वाढली. पूर्वी स्टँडचे मुख्य काम भार पेलण्याचे होते. आता संच उलटू न देणे हे त्याचे पहिले काम झाले आहे. घरात लहान मूल असेल, तर या फरकाचे महत्त्व अधिकच. आमेर परिसरातील जुनी दगडी घरे आणि जयपूरच्या बाजारात मिळणारे शीशमचे फर्निचर यांच्या आधाराने ही निवड व जोडणी समजून घेता येईल.

जाड भिंतींचे गाव

मराठी वाचकांना आमेरचे नाव मिर्झाराजे जयसिंग यांच्यामुळे परिचित आहे. १६६५ चा पुरंदरचा तह शिवाजी महाराजांनी ज्यांच्याशी केला, त्या जयसिंगांची ही राजधानी. पुढे सवाई जयसिंग यांनी १७२७ मध्ये जयपूर वसविले व राजधानी तेथे हलली. जयपूरपासून सुमारे ११ किलोमीटरवरील आमेरचा किल्ला २०१३ पासून राजस्थानातील इतर पाच डोंगरी किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत आहे.

या भागातील जुन्या घरांच्या भिंती दगड आणि चुन्याच्या असून त्यांवर चुन्याचा गिलावा असतो. आपल्याकडील वाड्यांप्रमाणे येथेही भिंतीत कोनाडे आढळतात. दिवा, देव, भांडी यांची सोय त्यात होत असे. टीव्हीची सोय मात्र अशा भिंतीत सहज होत नाही. आतला दगड ओबडधोबड असतो, सांध्यांतील चुना भुसभुशीत झालेला असतो आणि गिलाव्याची जाडी जागोजागी बदलते. काँक्रीटच्या भिंतीसाठी बनविलेली प्लॅस्टिकची खुंटी गिलाव्यातच अडकून राहिली, तर ती काही दिवसांत सैल होते. म्हणून अशा घरांत, तसेच भिंतीला भोके पाडण्यास मनाई असलेल्या भाड्याच्या घरांत, भिंतीवर टांगण्यापेक्षा जमिनीवरील स्टँड हाच व्यवहार्य पर्याय ठरतो. पुणे, सातारा किंवा वाईच्या जुन्या वाड्यांनाही हेच लागू आहे.

पेटीपासून पाटीपर्यंत

जयपूर परिसराचा टीव्हीशी संबंध जुना आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ हा उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत झाला. त्यात राजस्थान होते आणि जयपूरच्या आसपासची खेडीही होती. सारे गाव एकत्र येऊन पाहील असा तो सार्वजनिक संच असे. पुढे संच घराघरांत आला तेव्हा त्यासाठी सरकत्या झडपांची लाकडी कपाटे बनू लागली. झडप बंद करून कुलूप लावण्याची ती पद्धत पन्नाशीपुढील अनेक वाचकांना आठवत असेल.

त्या कपाटांचे लाकूड जाड असणे आवश्यक होते. २१ इंची काचेच्या नळीचा संच २० ते २५ किलो वजनाचा असे, तर २९ इंची संच ४० किलोंच्या घरात जाई. आजचा ४३ इंची सपाट संच साधारण ७ ते ९ किलोंचा असतो. मात्र त्याची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर असते आणि तो केवळ दोन पातळ पायांवर उभा राहतो. जुन्या संचाचा पुढचा, काचेचा भाग जड असल्याने तो पुढे कलंडला की जीवघेणा ठरे. नवा संच हलका असला तरी उंच आणि अरुंद बैठकीचा आहे. त्यामुळे लहानशा धक्क्यानेही तो झोल खातो. अमेरिकेत फर्निचर व टीव्ही अंगावर पडून मुलांना होणाऱ्या इजा रोखण्यासाठी तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१५ मध्ये खास मोहीम सुरू केली. हा धोका कोणत्याही देशातील दिवाणखान्यात सारखाच आहे.

मोजमाप आधी, खरेदी नंतर

टीव्हीचे इंच म्हणजे पडद्याच्या कर्णाची लांबी असते, रुंदी नव्हे. स्टँड निवडताना रुंदी पाहावी लागते. ३२ इंची पडदा सुमारे ७१, ४३ इंची ९५, ५५ इंची १२२ आणि ६५ इंची १४४ सेंटिमीटर रुंद असतो. स्टँडची फळी दोन्ही बाजूंना किमान १० सेंटिमीटर अधिक असावी. अनेक संचांचे पाय अगदी कडेला असतात. त्यामुळे दुकानात जाण्यापूर्वी दोन पायांमधील अंतर आणि पायांची खोली टेपने मोजून कागदावर लिहून घ्यावी. पाय फळीच्या कडेवर अधांतरी राहता कामा नयेत.

उंची ठरते ती बसण्याच्या पद्धतीवरून. पडद्याचा मध्य डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली असावा. सोफ्यावर बसलेल्या प्रौढ व्यक्तीचे डोळे जमिनीपासून साधारण १०५ सेंटिमीटरवर असतात. तेथे ५० ते ६० सेंटिमीटर उंचीचा स्टँड चालतो. राजस्थानातील गाद्या-लोडांच्या बैठकीत किंवा आपल्याकडील भारतीय बैठकीत डोळे सुमारे ७५ सेंटिमीटरवर येतात. तेथे ३५ ते ४० सेंटिमीटरचा बुटका स्टँड योग्य. बाजारातील बहुतेक तयार स्टँड सोफ्याचा विचार करून बनविलेले असतात, हे खाली बसणाऱ्या कुटुंबांनी ध्यानात ठेवावे.

पाहण्याचे अंतर कर्णाच्या सव्वा ते दीडपट धरावे. ४३ इंची संचासाठी ते अंदाजे १.४ ते १.६ मीटर, तर ५५ इंचीसाठी १.७५ ते २.१ मीटर होते. संच खिडकीच्या समोर ठेवू नये. आमेरच्या शीशमहालात एका दिव्याचा प्रकाश आरशांच्या तुकड्यांवरून सर्वत्र पसरतो. तेथे ते सौंदर्य आहे, टीव्हीच्या काचेवर मात्र तो त्रास होतो.

शीशम म्हणजे शिसवी नव्हे

जयपूर, जोधपूरहून महाराष्ट्रात येणाऱ्या फर्निचरमध्ये शीशम आणि आंब्याचे लाकूड अधिक असते. येथे नावांचा घोटाळा होतो. आपल्या जुन्या वाड्यांतील काळसर, जांभळट झाक असलेले शिसवी लाकूड ‘डाल्बर्जिया लॅटिफोलिया’ या वृक्षाचे. राजस्थानी बाजारातील शीशम बहुधा ‘डाल्बर्जिया सिसू’ या वृक्षाचे असते. दोन्ही एकाच कुळातील व मजबूत असली तरी ती एक नव्हेत. गडद पॉलिश लावलेले शीशम ‘शिसवी’ म्हणून दाखविले, तर त्याच्यासाठी शिसवीची किंमत मोजू नये. फळीची खालची, पॉलिश न लावलेली बाजू पाहिल्यास मूळ रंग कळतो. शीशमचा बाहेरील फिकट भाग, ज्याला रसकाष्ठ म्हणतात, त्यात कीड लवकर लागते. पायांत आणि सांध्यांत तो नसावा.

लाकूड परवडत नसेल तर प्लायवूड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड हे पर्याय आहेत. प्लायवूडमध्ये स्क्रू सर्वांत चांगला धरतो. त्यावर आयएस ३०३ क्रमांकासह आयएसआय चिन्ह पाहावे. पार्टिकल बोर्ड स्वस्त, पण ओल लागताच फुगतो आणि एकदा फुगला की पूर्ववत होत नाही. त्याच्या सर्व कडा पट्टीने बंद केलेल्या असाव्यात.

कोरड्या हवेतून दमट हवेत

लाकूड हवेतील ओलावा शोषते व सोडते. मे महिन्यातील जयपूरसारख्या हवेत, सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास असताना, लाकडातील ओलावा सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावतो. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की तो १७-१८ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. ४० सेंटिमीटर खोलीची अखंड लाकडी फळी अशा वेळी सहा ते आठ मिलिमीटर फुगू शकते. पॉलिशमुळे हा वेग मंदावतो, पण तो थांबत नाही. उन्हाळ्यात जयपूरला सहज सरकणारा खण ऑगस्टमध्ये रत्नागिरीत घट्ट बसतो, त्याचे कारण हेच. उलट, दमट प्रदेशात बनविलेला स्टँड कोरड्या हवेत नेल्यास फळीला भेगा पडतात.

यावर उपाय साधा आहे. खणाभोवती दोन-तीन मिलिमीटर मोकळीक असावी. वरची फळी चौकटीला सरसाने घट्ट चिकटविलेली नसावी. ती स्क्रूने बसविलेली असून स्क्रूची छिद्रे किंचित लांबट असावीत, म्हणजे फळीला हालचालीस वाव मिळतो. नवा स्टँड घरी आणल्यावर तो आठवडाभर तसाच राहू द्यावा आणि मगच खण घासून बसवावेत.

जोडणीचा क्रम

सुट्या भागांचा स्टँड जोडताना घाई हेच बिघाडाचे मुख्य कारण ठरते. खोक्यातील सर्व भाग चादरीवर पसरून यादीशी ताडून पाहावेत. प्रथम लाकडी गुटके बसवावेत, नंतर बाजूच्या फळ्या तळाशी जोडाव्यात. सर्व स्क्रू आधी हातानेच अर्धे फिरवावेत. चौकट पूर्ण उभी राहिल्यावर षटकोनी चावीने ते क्रमाने आवळावेत. पार्टिकल बोर्डमध्ये विजेचा स्क्रूड्रायव्हर वापरू नये. भोक एकदा झिजले की स्क्रू धरत नाही.

पाठीमागची पातळ फळी अनेक जण अनावश्यक समजून सोडून देतात. प्रत्यक्षात तीच चौकटीला डावी-उजवीकडे झुकण्यापासून रोखते. ती ठोकण्यापूर्वी चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. ते समान आले तर चौकट काटकोनात आहे. फरक असल्यास लांब कर्णाचे कोपरे हलके दाबून तो दूर करावा. त्यानंतर स्टँड जागेवर ठेवून पाणसळ लावावी. दगडी फरशी क्वचितच सपाट असते. फिरणारे पाय असल्यास त्यांनी, अन्यथा रबराच्या चकतीने तोल साधावा. घडी केलेला कागद काही दिवसांत दबतो. सेट-टॉप बॉक्सभोवती किमान ५ सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी आणि वायरसाठी मागे भोक असावे.

शेवटचा पट्टा

बहुतेक सपाट संचांच्या पाठीवर भिंतीवर टांगण्यासाठी चार भोके असतात. त्यांपैकी वरच्या दोन भोकांतून, संचाच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाच्या स्क्रूने, एक मजबूत पट्टा बांधावा आणि त्याचे दुसरे टोक भिंतीला पक्के करावे. दगड-चुन्याच्या भिंतीत ते टोक गिलाव्यात न अडकता आतील दगडापर्यंत पोहोचेल इतके लांब असावे. भोक पाडणे शक्य नसेल तेव्हा पट्टा स्टँडच्या मागील जाड पट्टीला बांधावा. अशा वेळी स्टँड बुटका, खोल आणि वजनदार असणे आवश्यक आहे. येथे शीशमचे वजन कामी येते. त्याच्या खालच्या कप्प्यात जड वस्तू ठेवल्यास तोल आणखी सुधारतो.

टीव्हीवर किंवा त्याच्या मागे खेळणी, रिमोट, खाऊचे डबे ठेवू नयेत, कारण मुले त्यासाठीच वर चढतात. उघडे खण त्यांना पायऱ्यांसारखे वाटतात. म्हणून खणांना अडकण लावावी. उंच कपाटावर किंवा खणांच्या टेबलावर टीव्ही ठेवणे टाळावे. अजूनही जुना काचेचा संच वापरात असलेल्या घरांत तर ही दक्षता प्रथम घ्यावी.

पट्ट्याचा खर्च स्टँडच्या किमतीच्या तुलनेत नगण्य आहे आणि तो बांधण्यास अर्धा तास पुरतो. संच सुरू करून वाहिन्या लावण्याआधी तेवढे काम उरकून घ्यावे. दर पावसाळ्यानंतर स्क्रू आणि पट्टा हाताने ताणून तपासावा.