दहा खाटा आणि परवान्यांच्या तारखा

तालुक्याच्या गावी दहा खाटांचे रुग्णालय चालविणाऱ्या वैद्याच्या मेजावर रुग्णपत्रांइतकीच प्रमाणपत्रांची चळत असते. १९४९ च्या अधिनियमाखालील शुश्रूषागृह नोंदणीचे नूतनीकरण दर तीन वर्षांनी. २००६ च्या अधिनियमानुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला जानेवारीत व पुन्हा जुलैमध्ये. जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत. क्ष-किरण यंत्र असल्यास अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना निराळाच. मोठ्या रुग्णालयात यासाठी लिपिक असतो. येथे हे काम बाह्यरुग्ण तपासून झाल्यावर रात्री वैद्यच करतात.

या अटी निरर्थक आहेत, असे आम्ही मानीत नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके दगावली. (ते रुग्णालय शासकीय होते, हे जाता जाता नमूद करावयास हवे.) पंचकर्म कक्षात तर शेगडी आणि तापलेले तेल शेजारी-शेजारी असते. तेव्हा अग्निसुरक्षेत सूट मागणे आम्हांस शोभणारे नाही.

कचऱ्याची गोष्ट वेगळी. २०१६ च्या नियमांनुसार ७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्राची सेवा उपलब्ध असल्यास स्वतःची विल्हेवाट यंत्रणा उभारता येत नाही आणि रक्ताने माखलेला कापूस-पट्ट्या ४८ तासांपेक्षा अधिक काळ साठविता येत नाहीत. पावसाळ्यात घाट बंद झाला की केंद्राची गाडी येत नाही. मग वैद्याने करावे काय? नियमातच याचे उत्तर आहे, पण ते फारसे कोणी वाचत नाही. योग्य काळजी घेऊन, कारणासह विहित प्राधिकाऱ्यास कळविल्यास अधिक काळ साठवणूक करता येते. असे पत्र त्याच दिवशी धाडावे व पोच जपून ठेवावी. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण अधिनियमातील तुरुंगवासाच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला. तुरुंगाची भीती गेली खरी. परंतु दहा खाटांना आणि पाचशे खाटांना दंडाची कमाल मर्यादा एकच!

औषधालयाच्या चालकांसाठी एक खुलासा. वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी सिद्ध केलेल्या औषधास १९४० च्या अधिनियमाखाली उत्पादन परवाना लागत नाही. तेच चूर्ण लगतच्या दुकानात विक्रीस मांडले की ही सवलत उरत नाही.

आमची मागणी मर्यादित आहे : सर्व नूतनीकरणांची मुदत ३१ मार्चलाच संपावी, तपासणी संयुक्तपणे एकाच भेटीत व्हावी आणि दंडाची कमाल मर्यादा खाटांच्या संख्येनुसार ठरावी. सभासदांनी आपल्याकडील प्रमाणपत्रांच्या मुदतींची यादी तालुका प्रतिनिधींकडे द्यावी. ती निवेदनास जोडावयाची आहे.