जिवंत दगडाची दहा वर्षं

दुकानात आता 'कीडमुक्त' दगड मिळतो. जांभळ्या रंगाचं भाजलेलं सिरॅमिक, सोबत जिवाणूंची बाटली, की समुद्री टाकी तयार. अमरावतीच्या एका नव्या हौशी मुलानं परवा मला अभिमानानं सांगितलं, काका, माझ्या टाकीत माशांशिवाय एकही जीव नाही. ऐकून वाईट वाटलं, कारण आम्ही ज्यासाठी हा छंद धरला तेच त्यानं टाकीबाहेर ठेवलं होतं.

समुद्रातला सच्छिद्र दगड त्यावरच्या जिवांसकट, म्हणजे 'जिवंत दगड', टाकीत ठेवला, तर पाणी तोच राखतो, हे जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये लिहिलं. ऐंशीच्या दशकात बर्लिनच्या मंडळींनी ती पद्धत पक्की केली. आपल्याकडे तेव्हा समुद्री मासे म्हणजे मरीन ड्राइव्हवरचं १९५१ चं तारापोरवाला मत्स्यालय. मुंबईला गेलेला वऱ्हाडी माणूस ते पाहून यायचा. कोरोनात ते बंद झालं, ते पुन्हा उघडलं नाही.

मला सांगायचं ते २००८ ते २०१८ या बडनेऱ्यातल्या माझ्या टाकीच्या दहा वर्षांबद्दल. तिथून समुद्र पाचशे किलोमीटरच्या पुढे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर, वर भारनियमन. आणि टाकीचं पाणी सव्वीस अंशांवर ठेवायचं. पाण्यावर पंखा लावला की दोन-तीन अंश उतरायचे, तेवढ्यावर दुपार निघायची. शेजारी विचारायचे, "आपल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारंच हाय, मंग मीठ कायले इकत आनता भाऊ?" पूर्णाखोऱ्यातलं खारं पाणी आणि समुद्राचं पाणी यांचे क्षार वेगळे, हे समजावण्यात अनेक संध्याकाळी गेल्या.

२००१ साली कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये गेले, आणि ते योग्यच झालं. मन्नारच्या आखातातून प्रवाळ फोडून आणणाऱ्यांबद्दल मला तेव्हाही सहानुभूती नव्हती. आमचे दगड समुद्रातून येत नसत, टाकीतून टाकीत फिरायचे. माझा पहिला दगड मुंबईच्या एका हौशी गृहस्थांच्या जुन्या टाकीतला, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात विदर्भ एक्स्प्रेसनं आलेला.

मग रात्री दिवे मालवून बसायचं. बॅटरीला लाल जिलेटिन कागद लावला की यातल्या बहुतेक जिवांना उजेड जाणवत नाही आणि ते बाहेर येतात. भोकातून केसाळ कृमी निघायचे, ठिसूळ ताऱ्याची (ब्रिटल स्टारची) एखादी भुजा वळवळायची, काचेवर तिळाहून बारीक कवचधारी कोपेपॉड धावायचे. गोगलगाय म्हणावी तर कवच नखाएवढं, असा स्टोमाटेला दिसायचा. धरायला गेलं तर पायाचा मागचा तुकडा टाकून पळायचा. खेकड्याची नांगी पाहायची. टोकं चमच्यासारखी बोथट असली तर तो बहुधा शेवाळ खाणारा. टोकदार, काळी नांगी आणि अंगावर केस असले तर त्याला वेगळ्या भांड्यात ठेवायचं. टाकीतून 'टक्' असा आवाज आला तर तो पिस्तूल कोळंबीचा की मॅन्टिस कोळंबीचा, यावर आमचे तासतास फोन चालत. पहिली सहसा निरुपद्रवी, दुसरी माशांचा जीव घेऊ शकणारी.

'दिसेल ते मारा' म्हणणाऱ्यांवर माझा राग अजून गेलेला नाही. इंग्लंडमधल्या न्यूकीच्या मत्स्यालयात २००९ साली दगड हलवले तेव्हा चार फुटी कृमी सापडला. ती बातमी पसरली आणि ओळखीतल्या टाक्यांत बोटभर केसाळ कृमींची कत्तल झाली. खरं तर उरलेलं अन्न आणि मेलेले मासे तेच साफ करतात. कुणी दगड गोड्या पाण्यात बुडवले, कुणी उकळले. उकळणं सर्वांत वाईट. दगडावर प्रवाळांचे भाऊबंद झोअँथिड असले तर त्यांतलं पॅलिटॉक्सिन हे विष वाफेबरोबर घरात पसरू शकतं, माणसं दवाखान्यात गेल्याच्या नोंदी आहेत.

मारायलाच हवा असा शत्रू एकच, समुद्रफुलाच्या (सी अॅनिमोनच्या) जातीचा अ‍ॅप्टेशिया. तपकिरी, पारदर्शक, दिसायला नाजूक. चिमट्यानं उपटला की राहिलेल्या तुकड्यातून नवा उगवतो. त्याच्या तोंडात सुईनं चुन्याची दाट पेस्ट सोडायची, हा उपाय आमच्याकडे चालला.

आता फोटो काढला की मोबाइल नाव सांगतो. केसाळ कृमीला अग्निकृमी म्हणतो, स्टोमाटेलाला सरसकट गोगलगाय. आम्ही एका जिवाचं नाव ठरवायला आठवडा लावायचो, तो काय खातो, कधी बाहेर येतो, कसा हलतो हे टिपून. तो आठवडाच हरवला. सिरॅमिक आणून कायदा पाळता येतो, समुद्र वाचतो, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी बघायची सवय सोडायची गरज नव्हती.

ती सवय मुंबईत काहींनी किनाऱ्यावर नेली. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी २०१७ पासून ओहोटीला हाजी अली, जुहूसारख्या खडकांवर लोकांना घेऊन जातात आणि जिवांची ओळख करून देतात. २०२० साली कोस्टल रोडसाठी हाजी अली आणि वरळीच्या प्रवाळ वसाहती हलवाव्या लागल्या, तेव्हा मुंबईच्या समुद्रात प्रवाळ आहे हेच अनेकांना पहिल्यांदा कळलं.

वऱ्हाडातून मुंबईला जाणाऱ्यांनी ओहोटीची वेळ पाहून एकदा त्या खडकांवर जावं. दगड उचलू नये, उलटवला तर तसाच परत ठेवावा. आणि टाकीत अनोळखी जीव दिसला, तर अ‍ॅप्टेशिया सोडून कुणालाही पहिले पंधरा दिवस मारू नका.