रस किती अंशांवर उकळतो?

नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशा गावी चहाचे आधण शंभर अंशांच्या किंचित अलीकडेच उकळते. तापी आणि गोमाईच्या संगमावरचे हे गाव, भाविकांची दक्षिण काशी, समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही. त्यामुळे फरक अर्ध्या अंशाच्याही आतला. पण तिथून उत्तरेला निघावे, शहादा मागे टाकून सातपुड्याचा घाट चढावा आणि तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठी तेच पातेले तीन दगडांवर ठेवावे, तर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उसळू लागते. तोरणमाळची उंची साधारण ११५० मीटर. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे वाफेला बाहेर पडायला कमी जोर लागतो. दर ३०० मीटर चढणीला एक अंश कमी, असा ढोबळ हिशेब धरला तरी चालतो. उघड्या भांड्यातली तूरडाळ तिथे लवकर का शिजत नाही, याचे कारण या चार अंशांत आहे. खाली कितीही जाळ घातला तरी पाणी ९६ च्या वर जात नाही.

शाळेत ‘पाण्याचा उत्कलनांक १००’ हे वाक्य पाठ होते आणि बहुतेकांच्या डोक्यात ते कायमचे बसते. त्याला जोडलेली अट, म्हणजे शुद्ध पाणी आणि समुद्रसपाटीवरचा दाब, तेवढी गळून पडते. प्रकाशा-शहादा हा उसाचा पट्टा. इथे रस उकळणाऱ्या माणसाला ती अट विसरून चालत नाही, कारण त्याची सगळी कारागिरी त्या अटीतच आहे. उकळीचा आकडा सरकतो म्हणून गूळ होतो, आणि तो आकडा मुद्दाम खाली आणता येतो म्हणून पांढरीशुभ्र साखर होते.

आधी गुऱ्हाळ पाहू. चरकातून निघालेला रस काहिलीत पडतो तेव्हा त्यात शंभर भागांत अठरा-वीस भाग विरघळलेले घटक असतात, त्यातली बहुतेक साखरच. चुलवणात चिपाडाचा जाळ सुरू होतो. रस तापतो तशी मळी वर येते. ती सुटून यावी म्हणून ठेचलेल्या भेंडीचे चिकट पाणी घालतात, रसाचा आंबटपणा मारायला चुन्याची निवळी घालतात. मळी काढून झाली की खरी उकळी फुटते. या घडीला रसात थर्मामीटर धरला तर पारा शंभराच्या जेमतेम वर दिसतो. अठरा टक्के साखरेने उकळी चढते ती अंशाच्या एक तृतीयांशाएवढीच.

मग पुढे बराच वेळ पारा हलतच नाही असे वाटते. जाळ तर धडधडत असतो, मग उष्णता जाते कुठे? ती पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साडेसात पटींहून जास्त उष्णता त्याच पाण्याची, त्याच तापमानाला, वाफ करायला लागते. अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने या दडून बसणाऱ्या उष्णतेचा माग काढला. आपण तिला अप्रकट उष्मा म्हणतो. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा खोल जातो तोही याचमुळे, कारण कातडीवर पाणी होताना वाफ तो सगळा साठा तिथेच सोडते.

शुद्ध पाणी असते तर पारा शेवटच्या थेंबापर्यंत एका जागी उभा राहिला असता. रसाचे तसे नाही. पाणी उडते, साखर मागे राहते, आणि उरलेल्या पाण्याला वाफ होऊन निसटणे अवघड होत जाते. निम्मी साखर झाली की उकळी १०२ वर, ७० टक्क्यांना १०६ च्या जवळ, ८० टक्क्यांना ११२ वर. म्हणजे काहिलीतला थर्मामीटर नावाला तापमान दाखवतो, प्रत्यक्षात तो साखर मोजत असतो. काकवी काढायची तर १०५-१०६ ला थांबतात. ढेपेचा गूळ ११८ च्या सुमाराला उतरवतात. गुळाची पावडर करायची असेल तर आणखी दोन-चार अंश पुढे जावे लागते. शेवटचे हे अंश भराभर चढतात, कारण आता उडायला पाणीच थोडे उरलेले असते. इथे जरा दुर्लक्ष झाले तर अख्खे आधण करपते.

अनुभवी गुळव्या मात्र पाऱ्याकडे क्वचितच पाहतो. पाक फुगून काहिलीच्या कडेकडे येऊ लागला, बुडबुडे मोठे आणि जड होऊन फुटू लागले, की तो ढवळायच्या लाकडाच्या टोकावर थोडा पाक घेतो आणि गार पाण्यात सोडतो. पाण्यातच बोटांनी त्याची गोळी वळतो. गोळी मऊ राहिली तर आणखी जाळ. घट्ट झाली की ती काहिलीच्या कडेवर मारून बघतो; टण्‌ असा आवाज आला की काहील उतरवायची आणि पाक गार व्हायला वाफ्यात ओतायचा. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या नावलौकिकामागे गुळव्यांच्या बोटांचा हा अंदाज आहे. घरात लाडवांसाठी एकतारी पाक, वड्यांसाठी गोळीबंद पाक पाहणारी बाईही हेच मोजमाप करते: तार आणि गोळी ही तापमानाचीच नावे आहेत, आणि संक्रांतीच्या कडक चिक्कीचा पाक तर १४५ च्याही पुढे गेलेला असतो.

बोटांच्या या पद्धतीत एक गुण आहे, जो नुसत्या आकड्यात नाही. महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरीचा जॅम शिजवणाऱ्याने पुस्तकातला १०५ अंशांचा आकडा धरला तर जॅम गरजेपेक्षा घट्ट होईल. तिथली उंची तोरणमाळपेक्षाही जास्त, त्यामुळे तिथे पाणीच ९५-९६ ला उकळते. खरा नियम असा की त्या गावी पाणी ज्या अंशाला उकळते, त्याच्या साडेचार अंश वर थांबायचे. गोळी आणि तार या कसोट्यांना गावाची उंची विचारावी लागत नाही. त्या थेट पाकाचा दाटपणा तपासतात.

अंशांच्या आकड्यांचा इतिहासही या प्रश्नाभोवतीच फिरतो. पाऱ्याचा भरवशाचा थर्मामीटर बनवणाऱ्या डॅनिएल फॅरनहाइटने १७२४ मध्ये आपली मोजपट्टी प्रसिद्ध केली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला त्याने शून्य मानले, नुसत्या बर्फ-पाण्याला ३२ आणि निरोगी शरीराला ९६. हवेचा दाब बदलला की पाण्याची उकळीही बदलते, हे त्याने त्याच सुमारास नोंदवले होते. स्वीडनच्या उप्साला शहरात अँडर्स सेल्सिअसने १७४२ मध्ये शंभर भागांची मोजपट्टी मांडली, ती आजच्या नेमकी उलटी: उकळत्या पाण्याला ०, गोठत्या पाण्याला १००. १७४४ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि नंतर लवकरच ती सुलट झाली. त्याचे मोठे काम वेगळेच आहे. गोठण्याचा बिंदू हवेच्या दाबाने जवळपास हलत नाही, उकळीचा मात्र हलतो, हे त्याने काळजीपूर्वक तपासले आणि म्हणून उकळीच्या बिंदूला ठरावीक दाबाची अट घातली. शाळेच्या वाक्यातून गळते ती हीच अट.

उकळीच्या या चंचलपणाचा उपयोगही झाला. डोंगराची उंची काढायला सर्वेक्षक पाणी उकळून थर्मामीटर वाचत. नैनसिंह रावत यांनी १८६५-६६ च्या गुप्त प्रवासात ल्हासाची उंची अशीच काढली.

घराघरांत आजही दोन्ही मोजपट्ट्या नांदतात. ताप १०२ आहे म्हणताना फॅरनहाइट, आणि नंदुरबारचा पारा ४४ वर गेला म्हणताना सेल्सिअस. कोणाचा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो पटींमध्ये: ४४ अंश म्हणजे २२ अंशांच्या दुप्पट उष्ण, असे सहज बोलले जाते. सेल्सिअसचे शून्य हे पाण्याच्या सोयीने ठरवलेले आहे, ते उष्णतेचा अभाव दाखवत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम थॉमसन, पुढे लॉर्ड केल्विन, यांनी १८४८ मध्ये खऱ्या तळापासून मोजण्याची कल्पना मांडली. तो तळ उणे २७३.१५ सेल्सिअसला आहे. त्या मोजपट्टीवर २२ म्हणजे २९५ आणि ४४ म्हणजे ३१७ केल्विन, फरक साडेसात टक्क्यांचा. आता तर सेल्सिअसची व्याख्याच पाण्याच्या उकळीवर उभी नाही, आणि काटेकोर मोजले तर समुद्रसपाटीच्या प्रमाण दाबाला शुद्ध पाणी ९९.९७ अंशांना उकळते.

आता साखर कारखाना. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि या भागातल्या उसाला गुऱ्हाळापलीकडचा रस्ता मिळाला. कोणत्याही साखर कारखान्याला काहिलीची रीत परवडत नाही. ११८ अंशांना साखरेचा एक भाग तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो, रंग तांबूस होतो. गुळाला ते शोभते, चवही त्यातूनच येते; पण साखरेचा दाणा मात्र हातचा जातो. मग पाणी उडवायचे कसे? उत्तर तोरणमाळच्या पातेल्यात आहे: दाब कमी करा.

इंग्लंडच्या एडवर्ड चार्ल्स हॉवर्डने १८१३ च्या सुमारास बंद भांड्यातली हवा काढून साखरेचा पाक शिजवण्याची युक्ती काढली. कारखान्यात त्या भांड्याला आजही पॅन म्हणतात. आत २५-२६ इंचांची निर्वात पोकळी ठेवली की शुद्ध पाणी ५५ अंशांच्या आसपास उकळते. दाट पाकामुळे त्यात दहा-बारा अंशांची भर पडते आणि पॅन ६० ते ७० अंशांत चालतो. त्याच्या आधी येतात इव्हॅपोरेटरच्या बॉडी, म्हणजे रस आटवणारी बंद भांडी. न्यू ऑर्लिन्समध्ये १८०६ साली एका मुक्त कृष्णवर्णीय आईच्या पोटी जन्मलेल्या नॉर्बर्ट रिलियूने १८४० च्या दशकात त्यांचे पेटंट घेतले. पहिल्या बॉडीतल्या रसातून निघालेली वाफ दुसरीतला रस उकळते, दुसरीतली तिसरीतला, कारण पुढच्या प्रत्येक बॉडीत दाब कमी आणि म्हणून उकळीही खाली. चार बॉडी असल्या की एक टन वाफेत जवळपास चार टन पाणी उडते. वाचलेले चिपाड मग वीज करायला मोकळे. साखर कारखान्यातली सर्वांत देखणी कल्पना कोणती असे विचारले तर ही.

पॅनवर उभा असतो पॅनमन. काचेच्या खिडकीतून तो आत खदखदणारा पाक पाहतो, प्रूफ स्टिक आत सारून फिरवतो, बाहेर काढतो, तिच्या खाचेतला नमुना काचेच्या पट्टीवर पसरून उजेडाकडे धरतो. दाणे सारखे आहेत का, मधला पाक मोकळा आहे का, नको असलेले बारीक नवे दाणे उगवले आहेत का, हे त्या पट्टीवर दिसते. पुण्याजवळ मांजरीला १९७५ मध्ये सुरू झालेल्या, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत या धंद्याचे शास्त्र शिकवले जाते. नव्या पॅनवर तापमान आणि निर्वात यांच्या फरकावरून पाकाचा दाटपणा यंत्रच सांगते. गुळव्याच्या गोळीमागचाच नियम तिथे तारांतून वाहतो.

साखर उकळी वर ढकलते, तशी गोठण खाली ढकलते. कारण एकच: विरघळलेल्या रेणूंमुळे पाण्याला द्रवरूप सोडणे दोन्ही टोकांना अवघड होते. गोठणीवर परिणाम जवळजवळ चौपट. अठरा टक्क्यांचा रस शून्याखाली सव्वा अंश गेल्याशिवाय गोठू लागत नाही. सातपुड्यात पाण्याचे गोठणे नुसते पुस्तकी राहत नाही. थंडीची लाट आली की तोरणमाळ आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, आणि त्याच वेळी हवामानाच्या नोंदीत तापमान शून्याच्या वर दिसते. दोन्ही खरे. नोंदीचा थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटरवर, झडपांच्या पेटीत असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गवताचे पाते आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकत राहते आणि पेटीतल्या हवेपेक्षा काही अंश गार होते. खाली शहाद्याच्या केळीला तर शून्याची वाट पाहावी लागत नाही. १२ अंशांखालीच तिची वाढ आणि फळाचा रंग बिघडतो. म्हणून थंडीत शेतकरी रात्री विहिरीचे पाणी देतात, जे हवेपेक्षा बरेच उबदार असते.

साखर काढून उरलेली मळी, म्हणजे मोलॅसिस, राज्यातल्या अनेक कारखान्यांत आसवनीकडे जाते. तिथे पुन्हा उकळीतलाच फरक कामाला येतो: अल्कोहोल ७८.४ अंशांना उकळते, पाणी शंभराला, म्हणून अल्कोहोल आधी आणि जास्त प्रमाणात वर जाते. सातपुड्यातल्या पाड्यांवर मोहाची फुले आंबवून मडक्यावर मडके रचून काढलेला अर्कही याच फरकावर निघतो. पण पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल करताना ही युक्ती एका जागी अडते. अल्कोहोल ९५.६ टक्क्यांवर पोचले की त्याचे आणि उरलेल्या पाण्याचे मिश्रण ७८.२ अंशांना एकजीव उकळते. वाफेतही तेच प्रमाण, द्रवातही तेच. साध्या ऊर्ध्वपातनाने कितीही वेळा उकळले तरी पाणी वेगळे होत नाही. ते शेवटचे साडेचार टक्के काढायला वाफ झिओलाइटच्या मण्यांमधून सोडावी लागते. त्या मण्यांच्या छिद्रांत पाण्याचा रेणू मावतो, अल्कोहोलचा मावत नाही.