लहान शहरांतील वस्तीचा परिसर आणि रहिवाशांचे आरोग्य : एक विश्लेषणात्मक अभ्यास

सारांश

व्यक्तीचे आरोग्य केवळ तिच्या सवयींवर अथवा उपलब्ध वैद्यकीय सेवेवर अवलंबून नसते. ती ज्या वस्तीत राहते त्या वस्तीतील पाणी, गटारे, हवा, आवाज, मोकळ्या जागा आणि शेजारसंबंध यांचाही त्यावर खोल परिणाम होत असतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील इचलकरंजी, लातूर, सांगली, चंद्रपूर यांसारख्या मध्यम व लहान शहरांच्या संदर्भात हा परिणाम कोणत्या मार्गांनी घडतो, याचे विवेचन केले आहे. शहराची सरासरी आकडेवारी वस्तीनिहाय विषमता झाकून टाकते आणि म्हणून आरोग्याचे नियोजन प्रभागाच्या पातळीवर होणे आवश्यक आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : वस्ती, सार्वजनिक आरोग्य, लहान शहरे, पाणीपुरवठा, गुंठेवारी, मोकळ्या जागा

१. प्रस्तावना

आरोग्य हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर दवाखाना, डॉक्टर आणि औषधे उभी राहतात. वस्तुतः १९४८ साली अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेनेच आरोग्याची व्याख्या 'रोगाचा अभाव' एवढ्यापुरती मर्यादित न ठेवता तीत शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्याचा समावेश केला आहे. याच संघटनेने २००५ मध्ये मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्याच्या सामाजिक निर्धारकांविषयी आयोग नेमला. २००८ मध्ये सादर झालेल्या त्याच्या अहवालाने माणसे कोणत्या परिस्थितीत राहतात व काम करतात, हा प्रश्न आरोग्यधोरणाच्या केंद्रस्थानी आणला.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील सुमारे ४५ टक्के लोकसंख्या नागरी आहे. तथापि नागरी आरोग्याची चर्चा बहुधा मुंबई व पुणे या महानगरांभोवती, तर ग्रामीण आरोग्याची चर्चा प्राथमिक आरोग्य केंद्रांभोवती फिरत राहते. या दोहोंच्या मध्ये उभी असलेली नगरपरिषदांची व छोट्या महानगरपालिकांची शहरे मात्र दुर्लक्षित राहतात. या शहरांत गर्दी, सांडपाणी, धूर या महानगरी समस्या आहेत. परंतु त्यांना तोंड देण्यासाठी लागणारे उत्पन्न, तांत्रिक मनुष्यबळ आणि नियोजनयंत्रणा तोकडी आहे. म्हणूनच अशा शहरांतील वस्तीचा परिसर व आरोग्य यांचा संबंध स्वतंत्रपणे तपासणे अगत्याचे ठरते.

२. माणसे आजारी की वस्ती आजारी?

एखाद्या वस्तीत आजारपण अधिक आढळले, तर त्याची दोन स्पष्टीकरणे संभवतात. तेथे राहणारी माणसेच गरीब, अल्पशिक्षित वा वृद्ध असल्यामुळे आजारी पडतात, हे पहिले. आणि वस्तीची स्थिती कोणालाही आजारी पाडील अशीच आहे, हे दुसरे. हा भेद केवळ शास्त्रीय नाही. पहिले स्पष्टीकरण स्वीकारले की उपदेशाचा मार्ग सुचतो, दुसरे स्वीकारले की गटार बांधण्याचा.

अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच मोठ्या शहरांत झालेला एक प्रयोग या दृष्टीने उल्लेखनीय आहे. अतिगरीब वस्त्यांतील काही कुटुंबांना सोडत पद्धतीने कमी गरिबीच्या वस्तीत स्थलांतर करण्याची संधी देण्यात आली. दहा ते पंधरा वर्षांनी केलेल्या तपासणीत, ही संधी मिळालेल्या स्त्रियांमध्ये तीव्र लठ्ठपणा व मधुमेह यांचे प्रमाण संधी न मिळालेल्या स्त्रियांपेक्षा कमी आढळले. निवड सोडतीने झालेली असल्यामुळे हा फरक माणसांच्या स्वभावाचा म्हणता येत नाही. तो वस्तीचा होता. अमेरिकेतील महानगरांचे निष्कर्ष आपल्या शहरांना जसेच्या तसे लागू होणार नाहीत हे खरे. मात्र वस्तीला स्वतःचा असा परिणाम असतो, हे मूलतत्त्व त्यातून निश्चित होते.

३. पाणी : नळ, पिंप आणि डास

लहान शहरांतील आरोग्यावर सर्वाधिक परिणाम करणारा घटक म्हणजे खंडित पाणीपुरवठा होय. नळाला दिवसाआड, चार दिवसांनी, काही ठिकाणी उन्हाळ्यात त्याहूनही अधिक अंतराने पाणी येते. पाणी बंद असताना जलवाहिनीतील दाब नाहीसा होतो. जलवाहिनी गटारालगत वा गटारातून गेलेली असल्यास फुटक्या सांध्यांतून सांडपाणी आत ओढले जाते आणि पुढच्या पाळीच्या पहिल्या पाण्याबरोबर घरात येते. जलशुद्धीकरण केंद्रातून निर्दोष बाहेर पडलेले पाणी स्वयंपाकघरात पोहोचेपर्यंत दूषित होते, ते असे.

कर्नाटकातील हुबळी-धारवाड येथे काही प्रभागांत चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाल्यावर तेथील व खंडित पुरवठ्याच्या प्रभागांतील आरोग्याची तुलना करण्यात आली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लहान मुलांमधील एकूण अतिसाराच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र विषमज्वराची नोंद असलेली कुटुंबे चोवीस तास पुरवठ्याच्या प्रभागांत सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होती, तसेच गरीब घरांतील मुलांमध्ये रक्तमिश्रित अतिसारही कमी होता. सातारा जिल्ह्यातील कराडलगतच्या मलकापूरने चोवीस तास पाण्याची योजना राबवून दाखविली आहे. त्यामुळे लहान गावाला हे अशक्य आहे, असे म्हणता येत नाही.

खंडित पुरवठ्याचा दुसरा परिणाम घरातील पिंपात, हौदात आणि रांजणात दडलेला असतो. डेंग्यू पसरविणारा एडिस इजिप्ती डास साठविलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास उष्ण हवेत साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात. ज्या वस्तीत आठ-दहा दिवसांनी नळ येतो, तेथील गृहिणी पिंप तळापर्यंत रिकामे करून कोरडे करण्याचे धाडस करीत नाही. कारण पुढची पाळी चुकेल ही धास्ती असते. पाण्याच्या पाळीचे चक्र व डासाच्या वाढीचे चक्र अशा प्रकारे एकमेकांत बसते. लातूरसारख्या शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही घटना पाणीटंचाईची म्हणून सर्वांच्या स्मरणात आहे. साठवणुकीची सक्ती हा तिचा आरोग्यविषयक पैलू मात्र क्वचितच चर्चिला जातो. 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' हे आवाहन योग्यच आहे. परंतु ते पाळण्याची क्षमता नळाच्या पाळीवर ठरते, हे लक्षात घेतले पाहिजे.

४. सांडपाणी आणि गुंठेवारी

इचलकरंजी शहरात २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची मोठी साथ आली. ही कावीळ हेपॅटायटिस 'ई' या विषाणूची होती. हा विषाणू मुख्यतः मैलामिश्रित पाण्यावाटे पसरतो. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसण्यास दोन ते दहा आठवडे लागत असल्यामुळे रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा दूषित पाणी केव्हाच वाहून गेलेले असते आणि कारणाचा शोध अवघड होतो. सर्वसामान्य रुग्ण बहुधा बरा होतो. परंतु गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. वस्तीतील एका फुटक्या जलवाहिनीची किंमत अशा प्रकारे त्या वस्तीतील गर्भवती स्त्रीला मोजावी लागते.

सांडपाण्याचा प्रश्न शहराच्या कडेला वाढलेल्या वसाहतींत अधिक तीव्र आहे. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून, रीतसर रेखांकनाची मंजुरी न घेता विकले गेले आणि त्यांवर घरे उभी राहिली. अशा बांधकामांच्या नियमितीकरणासाठी राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी अधिनियम केला आणि २०२१ मधील सुधारणेने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या विकासांना त्यात सामावून घेतले. नियमितीकरणाने घराला कागद मिळतो. गटार, रस्ता व मैदान आपोआप मिळत नाही. सांगलीसारख्या शहरातील सखल, काळ्या मातीच्या भागांत पावसाळ्यात पाण्याचा निचरा होत नाही. शोषखड्डे तुंबतात, मैला वर येतो आणि लहान मुले त्याच पाण्यातून शाळेत जातात. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत या शहराने जे भोगले ते सर्वज्ञात आहे. परंतु अशा सखल वसाहतींत दर पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्याची वार्ता होत नाही.

५. हवा, आवाज आणि उष्णता

केंद्र शासनाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात चंद्रपूर, जालना, जळगाव, लातूर, अकोला, सांगली यांसारखी शहरे समाविष्ट आहेत. हवेचे प्रदूषण ही केवळ महानगरांची बाब नाही, याची ही अधिकृत कबुलीच होय. अडीच मायक्रॉनपेक्षा सूक्ष्म धूलिकण फुप्फुसांत खोलवर जाऊन रक्तात मिसळू शकतात व दम्याबरोबरच हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढवितात. या कणांची भारतीय वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेली मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. चंद्रपूर येथे औष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी व इतर उद्योग एकवटलेले आहेत. शहरातील मोजणी केंद्र ज्या ठिकाणी असेल तेथील आकडा संपूर्ण शहराचा समजला जातो. कोळशाच्या वाहतुकीच्या रस्त्यालगतच्या घरातील हवा त्या आकड्यात दिसत नाही.

आवाजाचेही असेच आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी या यंत्रमागांच्या शहरांत मागाचा कारखाना आणि राहते घर यांच्यात अनेकदा केवळ एक भिंत असते. मागाच्या खोलीतील आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. अशा शेजारात झोप अपुरी होणे, रक्तदाब वाढणे, मुलांचे अभ्यासात लक्ष न लागणे हे परिणाम संभवतात. ज्या मागावर घर चालते त्याच मागाच्या आवाजात घर झोपते, त्यामुळे तक्रार करणार तरी कोण, हा येथील खरा पेच आहे.

उन्हाळ्यात विदर्भातील शहरांचे तापमान ४५ अंशांच्या वर जाते. पत्र्याचे छप्पर, झाडांचा अभाव व दाटीची घरे यांमुळे वस्तीतील उष्णता सूर्यास्तानंतरही टिकून राहते. रात्री शरीराला विसावा न मिळाल्याने वृद्ध, तान्ही मुले आणि दिवसभर उन्हात राबणारे मजूर यांना सर्वाधिक धोका पोहोचतो.

६. मोकळ्या जागा आणि शेजारधर्म

मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णास डॉक्टर 'रोज चाला' असा सल्ला देतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची शिफारस केली आहे. परंतु चालायचे कोठे? पदपथ नाही, असला तर त्यावर वाहने उभी, रस्त्यावर दिवे नाहीत आणि भटक्या कुत्र्यांची भीती, अशा वस्तीत हा सल्ला कागदावरच राहतो. स्त्रियांच्या बाबतीत अंधारा रस्ता हा आरोग्याचाच प्रश्न ठरतो.

विकास आराखड्यात बागा व क्रीडांगणांसाठी आरक्षणे असतात. तथापि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित न झाल्यास जमीनमालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या विहित मुदतीतही संपादन न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. भूसंपादनासाठी पैसा नसलेल्या नगरपरिषदेत बागेची जागा अशा रीतीने निःशब्दपणे नाहीशी होते. एकदा इमारती उभ्या राहिल्यावर ती पुन्हा मिळत नाही.

लहान शहरांची एक जमेची बाजूही नोंदविली पाहिजे. पेठा, आळ्या, मंदिराचा पार, मशिदीजवळचा कट्टा, बचत गट, तालीम यांतून जपलेला शेजारधर्म आजारपणात, बाळंतपणात आणि वार्धक्यात मोठा आधार देतो. एकाकीपणाचे दुष्परिणाम आता वैद्यकशास्त्रानेही मान्य केले आहेत. पुनर्वसन करताना घरांबरोबर ही नातीही हलवावी लागतात. अन्यथा पक्के घर मिळूनही माणूस एकटा पडतो.

७. उपाययोजना

१) जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार नगरपरिषदांकडे मृत्यूच्या नोंदी असतात. पत्ता व मृत्यूचे प्रमाणित कारण यांची प्रभागनिहाय वर्गवारी दरवर्षी प्रसिद्ध करावी. १८५४ मध्ये लंडनमध्ये जॉन स्नो यांनी पटकीच्या मृत्यूंची नकाशावर नोंद करून दूषित पंपाकडे लक्ष वेधले होते. तेवढे कार्य आजच्या कोणत्याही नगरपरिषदेस शक्य आहे.
२) पाण्याचे नमुने जलशुद्धीकरण केंद्राऐवजी प्रामुख्याने जलवाहिनीच्या शेवटच्या टोकावरील घरांतून घ्यावेत.
३) ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता तसेच उद्याने व क्रीडांगणे यांचा समावेश आहे. त्यानुसार आरक्षित जागांच्या संपादनासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद असावी.
४) गुंठेवारी नियमितीकरणातून जमा होणारा विकास आकार त्याच वसाहतीतील गटारांवर खर्च व्हावा.
५) महाविद्यालयांतील भूगोल, समाजशास्त्र व राष्ट्रीय सेवा योजना या विभागांनी आपल्या शहरातील एका प्रभागाचे परिसर-सर्वेक्षण हाती घ्यावे.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, वस्तीचा परिसर आरोग्यावर एका नव्हे तर अनेक वाटांनी परिणाम करतो आणि या वाटा बहुधा एकाच वस्तीत येऊन मिळतात. जेथे पाणी उशिरा येते तेथेच गटार तुंबते, तेथेच पत्र्याची घरे असतात आणि तेथेच मैदान नसते. अशा वस्तीतील रुग्णाला औषध देऊन पुन्हा त्याच परिस्थितीत परत पाठविणे म्हणजे आजाराला केवळ मुदतवाढ देणे होय. लहान शहरे अजून वाढत आहेत. त्यांच्या मोकळ्या जागा पूर्णपणे संपलेल्या नाहीत आणि शेजारही पूर्णपणे तुटलेला नाही. महानगरांच्या हातून निसटलेली संधी या शहरांकडे अद्याप आहे. ती किती काळ राहील, हे मात्र नगरपरिषदेच्या सभागृहात आज होणाऱ्या निर्णयांवर आणि ते निर्णय विचारून घेणाऱ्या नागरिकांवर अवलंबून राहील.