औषध लागू पडेनासं होतं तेव्हा

कर्करोगाचा विषय निघाला की गटात एक प्रश्न हमखास येतो. 'पहिल्या किमोनं गाठ बसली होती, मग पुन्हा कशी वाढली? औषध बनावट होतं का? का तिनंच पथ्य मोडलं?' बाईच्या दुखण्याचा दोष बाईच्याच माथी मारायची आपली सवय जुनी, म्हणून आज हेच बोलू.

हरभऱ्यावरची घाटेअळी आठवा. दर फवारणीला एकच औषध मारलं की बहुतेक अळ्या मरतात, पण ज्या तग धरतात त्यांचीच पिलावळ पुढं वाढते. मग तेच औषध पाण्यासारखं. गाठीतल्या पेशीही सगळ्या सारख्या नसतात. काही पेशी आत आलेलं औषध बाहेर फेकतात, काही औषध चिकटायची जागाच बदलतात. बाकीच्या मेल्या की यांना रान मोकळं. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा दोन-तीन औषधं एकत्र देतात.

सीएमएल हा रक्ताचा एक कर्करोग. त्यावर इमॅटिनिबची गोळी रोज घ्यायची असते. २००१ साली अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली. पुढं काही रुग्णांच्या पेशी तिलाही दाद देईनात. पेशीत नेमका काय बदल झाला ते शोधून संशोधकांनी डॅसॅटिनिबसारख्या नव्या गोळ्या काढल्या. पण बरं वाटतंय म्हणून सोयाबीनच्या सुगीत गोळ्या चुकवल्या, तर रोगाला डोकं वर काढायला वाव मिळतो. एवढं मात्र आपल्या हातात आहे.

मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियलनं मिळून नेक्सकार-१९ हा उपचार तयार केला. ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो सुरू झाला. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, कर्करोगाची खूण ओळखतील अशा घडवायच्या आणि परत शरीरात सोडायच्या. औषधांना न जुमानणाऱ्या किंवा उलटलेल्या काही ठराविक रक्ताच्या कर्करोगांसाठीच तो आहे. स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या गाठीसाठी नाही, व्हॉट्सॲपवर काहीही येवो. खर्च लाखांत जातो. आणि कधी कधी पेशी ती खूणही लपवतात, मग संशोधक पुन्हा कामाला लागतात.

किल्लारीहून बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय काही जवळ नाही, एका फेरीला रोजगार बुडतो, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी गाठ पुन्हा वाढली तर अंगारा-धुपाऱ्यात महिना घालवू नका. उपचार जिथं चालू आहेत तिथल्या डॉक्टरांना सरळ विचारा: 'औषध बदलायचं का? गाठीचा तुकडा पुन्हा तपासायचा का?' जाताना जुनी फाईल न्या. आधी कोणती औषधं झाली, ते तिच्यावरूनच कळतं.