ट्रॅक्टरच्या क्लचची मोकळी चाल

ट्रॅक्टर बाळगणारे आपले बहुतेक सभासद बंधु तेलपाणी वेळच्या वेळीं पाहतात. परंतु क्लचच्या पेडलकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. क्लचप्लेट जळाली म्हणजे ती बदलण्यासाठीं इंजिन व गिअरबॉक्स अलग करून सबंध ट्रॅक्टर मधोमध उकलावा लागतो. ऐन वापशांत असे दिवस गेले, तर ते कोणी भरून देत नाहीं.

पेडल दाबूं लागतांच क्लच सुटतो असें नाहीं. आरंभीं कांहीं अंतर तें अगदीं हलकें जातें. यासच मोकळी चाल म्हणावयाचें. फ्लायव्हील व प्रेशरप्लेट यांच्यामध्यें क्लचप्लेट स्प्रिंगांच्या जोरानें आवळलेली असते. पेडल दाबलें कीं एक बेअरिंग पुढें सरकून प्रेशरप्लेटच्या बोटांवर टेकतें व ती पकड सोडवितें. टेकण्यापूर्वीचें जें अंतर, तेंच पायास मोकळें लागतें. प्लेटचें अस्तर झिजेल तसतशीं हीं बोटें बेअरिंगकडे सरकतात आणि चाल आपोआप कमी होते. ती मुळींच उरली नाहीं, तर पाय उचलला असतांही बोटें दाबलेलीं राहतात. पकड अपुरी पडते, प्लेट घसरते, तापते व जळते. उसाची ट्रॉली चढावर घेतांना इंजिनाचा आवाज वाढावा, पण चाकांची गति वाढूं नये, आणि करपल्याचा वास यावा, हें त्याचेंच लक्षण. उलटपक्षीं चाल फार झाली, तर क्लच पुरता सुटत नाहीं व गिअर टाकतांना दांते खरखरतात.

जुळणीसाठीं यंत्र सपाट जागीं उभें करून इंजिन बंद करावें व हँडब्रेक लावावा. पेडलशेजारीं मोजपट्टी धरून तें पायानें नव्हे, हातानें दाबावें. हातास अडेल तेथवरचें अंतर मोजावें. पुष्कळ यंत्रांत तें २० ते ३० मिलिमीटरांच्या आसपास असतें. तथापि आपल्या यंत्राच्या पुस्तिकेंतील आंकडाच प्रमाण मानावा. पेडलपासून आंत जाणाऱ्या दांडीवरील चेकनट ढिला करून दांडीची लांबी एका वेळीं एखादाच फेरा बदलावी व पुन्हा मोजावें. कोणत्या बाजूस फिरविल्यानें चाल वाढते, हें यंत्रागणिक निराळें असल्यामुळें पहिला फेरा चाचणीचा समजावा. पिन काढावी लागली, तर परत बसवितांना नवी स्प्लिटपिन घालावी. तारेचा तुकडा नव्हे! शेवटीं चेकनट आवळून आणखी एकदां मोजावें, कारण आवळतांना दांडी थोडी फिरते.

एवढें करूनही पेडलवर पाय ठेवून नांगरट करणारा चालक सारें व्यर्थ करतो. पायाच्या नुसत्या भारानेंच ती चाल भरून निघते. चालकाच्या मजुरीविषयीं घासाघीस करणाऱ्या बंधूंनीं त्याच्या डाव्या पायाकडेही पाहत जावें.

दुहेरी क्लचच्या यंत्रांत रोटाव्हेटर चालविणाऱ्या क्लचची जुळणी वेगळी व आंतल्या बाजूस असते; ती जाणत्या कारागिराकडूनच करवावी. तसेंच, चाल बरोबर असूनही क्लच घसरत असेल, तर प्लेट संपली आहे अथवा तिच्यावर तेल आलें आहे. तेथें दांडी फिरवून उपयोग नाहीं. तेल कोठून येतें तें आधीं शोधावें, नाहींतर नवी प्लेटही त्याच तेलांत भिजेल.